मधुमेह, रक्तवाहिन्या आणि घराण्याचा वारसा

"अण्णा, आमच्या घराण्यातच हाय ते. वडलांचं असंच झालं, थोरल्याचं बी असंच झालं. आता माझी पाळी."

काही वर्षांपूर्वी या भागातल्या एका साखर कामगाराने आम्हाला हे शब्द ऐकवले. तेव्हा त्याचे वय पन्नाशीच्या आतले होते. नव्या चपलेचा पट्टा उजव्या पायाच्या अंगठ्याला घासला. जखम झाली, पण पायाला जाणीवच उरलेली नसल्यामुळे ती त्याला दोन दिवस कळली नाही. पुढे अंगठा काळा पडला आणि अखेरीस घोट्याच्या वर पाय काढावा लागला. यंत्राच्या पट्ट्यात हात सापडला असता तर अपघाताच्या नोंदवहीत नाव चढले असते, भरपाईचा अर्ज झाला असता आणि आम्ही भांडलोही असतो. हा पाय मात्र कोणत्याच वहीत चढला नाही. सगळ्यांनी मान हलवली आणि म्हटले, घराण्यातच आहे.

या एका वाक्याने आम्हाला पुष्कळ दिवस अस्वस्थ केले. आम्ही वैद्य नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. परंतु ज्या वाक्याने एक धडधाकट माणूस हातपाय गाळून बसतो, ते खरे किती आणि खोटे किती हे तपासणे संघटनेच्या माणसाचे कामच आहे. त्यासाठी जे वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले आणि समजून घेतले, ते आज बिद्रीच्या श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत. आमच्या मते त्या वाक्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य पूर्ण असत्यापेक्षा अधिक घात करते.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. लोक या रोगालाच 'साखर' म्हणतात. पण रक्तातील साखर वाढणे हा त्याचा केवळ आरंभ आहे. मधुमेही माणसाचे आयुष्य बहुधा रक्तवाहिन्यांच्या विकाराने उणे होते. हा विकार दोन ठिकाणी होतो. एक बारीक केशवाहिन्यांत. डोळ्यांच्या पडद्यातील केशवाहिन्या बिघडल्या की दृष्टी जाते, मूत्रपिंडातील बिघडल्या की लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात, आणि मज्जातंतूंना पोसणाऱ्या बिघडल्या की पाय बधिर होतात. पायातली चप्पल वाटेत निसटून पडली तरी ज्याला कळत नाही, त्याने त्याच आठवड्यात पाय दाखवावेत, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. दुसरे ठिकाण म्हणजे मोठ्या रोहिण्या, म्हणजे हृदयाला, मेंदूला आणि पायांना शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या. त्या अरुंद झाल्या की हृदयविकाराचा झटका येतो, पक्षाघात होतो, किंवा पायाची जखम भरून न येता कुजते. आमच्या त्या मित्राच्या पायात हे दोन्ही विकार एकत्र आले होते. केशवाहिन्यांच्या बिघाडाने पाय बधिर झाला म्हणून जखम कळली नाही, आणि रोहिणी अरुंद झाली म्हणून कळल्यावर ती भरली नाही.

कारखान्यातल्या माणसांना नळ्यांचा विषय नवा नाही. उसाचा रस आटवताना नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसतो, आणि काम थांबवून तो काढावा लागतो. रक्तवाहिनीतही असेच किटण धरत असेल, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही तसेच वाटत असे. पण लोखंडी नळी निर्जीव असते आणि रोहिणीची भिंत जिवंत असते. आतल्या बाजूने तिला पेशींचे एकपदरी नाजूक अस्तर असते. जास्त साखर, जास्त रक्तदाब आणि तंबाखू या तिन्हींनी हे अस्तर दुखावते. मग रक्तातील चरबीचे कण भिंतीच्या आत शिरतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि तेथेच फुगून मरतात. भिंतीच्या पोटात गळवासारखा उंचवटा तयार होतो. एखाद्या दिवशी तो फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि मार्ग बंद होतो. म्हणून हा विकार बाहेरून खरवडून काढता येत नाही. भिंत दुखावणारी कारणे वर्षानुवर्षे आवरणे हाच त्यावरचा मुख्य इलाज आहे.

आता वारशाकडे वळू. मधुमेहाचे दोन प्रकार आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. पहिला आईबापांच्या बीजातील दोषाने होणारा, दुसरा आहारविहाराच्या चुकीने होणारा. पहिल्याचा रोगी बहुधा कृश आणि दुसऱ्याचा स्थूल, असेही वर्णन तेथे आहे. आजचे शास्त्र मात्र एक पाऊल पुढे जाऊन सांगते की, बहुतेक रोग्यांत बीज आणि विहार ही दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात.

हे समजण्यासाठी उसाचेच उदाहरण घेऊ. को ८६०३२ हे बेणे आपल्या परिचयाचे आहे. उसाची लागण कांड्यांनी होत असल्याने एका बेण्याचे सारे ऊस बीजदृष्ट्या जवळजवळ एकच असतात. तरीही नदीकाठच्या कसदार रानातला उतारा आणि पाणी साचून चोपण झालेल्या रानातला उतारा सारखा कधी येत नाही. उलट एकाच रानात दोन जातींचे बेणे लावले तर एक जात रोगाला लवकर बळी पडते आणि दुसरी टिकाव धरते. म्हणजे बेणेही खरे आणि रानही खरे. उतारा ठरतो तो दोहोंच्या मेळातून.

माणसाचे बेणे म्हणजे त्याची जनुके. प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा एक मजकूर असतो. त्याची एक प्रत आईकडून येते आणि एक बापाकडून. नाते नसलेल्या दोन माणसांच्या मजकुरात हजार अक्षरांमागे साधारण एखादे अक्षर वेगळे असते. या फरकांनीच कोणाचे डोळे घारे होतात आणि कोणाचे केस कुरळे. त्यांतलेच काही फरक रोगाकडे कल वाढवतात. २००६ साली आइसलंडच्या संशोधकांनी टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातील असा एक फरक दाखवून दिला. तो असला की इन्शुलिन सोडण्याचे काम मंदावते. आपल्या लोकांत त्याचा परिणाम दिसतो की नाही, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे डॉ. गिरिराज चांडक यांनी पुण्याच्या रुग्णांवर तपासले. २००७ साली त्यांनी जाहीर केले की हा फरक आपल्याकडेही तसाच बाधतो. त्याची एक प्रत असली तर मधुमेहाची शक्यता सुमारे दीडपट होते. म्हणजे शक्यता वाढते, पण रोग ठरून जात नाही. ज्यांच्याकडे ही प्रत आहे असे असंख्य लोक आयुष्यभर निरोगी राहतात.

असे फरक एक-दोन नाहीत. २०२४ साली सुमारे २५ लाख माणसांची माहिती एकत्र करून केलेल्या एका जागतिक अभ्यासात मधुमेहाशी संबंध असलेल्या ६११ जागा मोजल्या गेल्या. बहुतेक प्रत्येकीचा वाटा थोडाथोडाच. परंतु संशोधकांनी या जागांचे आठ गट पाडले, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. कोणता गट भारी आहे यावर रोगाची पुढची वाटही काही अंशी अवलंबून असते. काही गट हृदयाच्या आणि पायांच्या रोहिण्यांच्या विकाराशी, तर काही मूत्रपिंडाच्या विकाराशी जोडलेले निघाले. एकाच चाळीतल्या दोन मधुमेहींपैकी एकाचे डोळे जातात आणि दुसऱ्याला हृदयाचा झटका येतो, यात बेण्याचा असा वाटा असतो.

आता या व्याख्यानाच्या गाभ्याशी आलो. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर एक जागा सापडली. तेथे विशिष्ट अक्षर असलेल्या माणसांना हृदयाच्या रोहिण्यांचा विकार अधिक होतो. हा परिणाम रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या वाटेने होत नाही, म्हणून त्याकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. दुसऱ्याच वर्षी बॉस्टनमधील संशोधकांनी मधुमेहींना या जागेच्या दृष्टीने तपासले. हे विशिष्ट अक्षर ज्यांच्याकडे नव्हते आणि ज्यांची साखर आटोक्यात होती, त्यांचा धोका एक धरला. ज्यांच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती होत्या पण साखर आटोक्यात होती, त्यांचा धोका सुमारे दुप्पट निघाला. आणि ज्यांच्याकडे दोन्ही प्रती होत्या व साखरही बेताल होती, त्यांचा सुमारे चौपट.

श्रोते हो, हे आकडे आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. वारसा तोच, घराणे तेच, अक्षरेही तीच. पण साखर आवरली तर दुप्पट आणि सोडून दिली तर चौपट. म्हणजे ज्याच्या घराण्यात हा रोग आहे, त्याच्यासाठी साखर आवरण्याचे मोल इतरांपेक्षा अधिक आहे. "घराण्यातच आहे, मग पथ्य करून काय उपयोग?" असे आपण म्हणतो. शास्त्र नेमके उलटे सांगते: घराण्यात आहे, म्हणूनच तुला पथ्याचा उपयोग जास्त.

वारशाचा आणखी एक प्रकार आहे. तो जनुकांत लिहिलेला नसतो, आईच्या ताटात लिहिलेला असतो. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. या माता अंगाने किरकोळ आणि शेतात राबणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. याज्ञिकांनी याला कृश पण चरबीयुक्त शरीर म्हटले. २००४ साली त्यांनी आपला स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजायचा बी.एम.आय. म्हणतात तो आकडा दोघांचाही २२.३, अगदी एकच. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा ज्याला सडपातळ म्हणतो, तोही आतून मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो. या गावांतील पुष्कळ मातांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांत ब१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांवर सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा प्रभाव कमी पडत होता. फडावर कोयता चालवणाऱ्या गरोदर बाईला पोटभर आणि सकस मिळाले की नाही, यावर पुढच्या पिढीच्या रोहिण्या काही अंशी अवलंबून आहेत. हासुद्धा वारसाच, पण तो बदलणे पूर्णपणे माणसांच्या हाती आहे.

कोणी म्हणेल, आपल्या लोकांचे रक्तच तसे, आपल्याला झटके लवकरच येतात. हेही तपासले गेले आहे. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दक्षिण आशियाचा हिशेब मांडला. पहिला झटका येण्याचे सरासरी वय आपल्याकडे ५३, तर इतर देशांत सुमारे ५९. परंतु तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातील चरबी, व्यायामाचा अभाव, भाजीफळांची उणीव अशी ठाऊक असलेली कारणे जमेस धरली, तेव्हा हा फरक जवळजवळ भरून निघाला. ही कारणे आपल्याकडे कमी वयातच गाठतात. ज्याला आपण रक्ताचा दोष समजत होतो, तो बहुतांशी राहणीचा आणि परिस्थितीचा दोष निघाला.

मग करायचे काय? याचीही उत्तरे आकड्यांत मिळतात. इंग्लंडमध्ये मधुमेहींवर झालेल्या दीर्घ प्रयोगात १९९८ साली दिसले की, रक्तदाब नीट आवरला तर पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी होतो. डेन्मार्कमध्ये १६० रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, आणि निम्म्यांची साखर, रक्तदाब, चरबी, तंबाखू, आहार व चालणे यांकडे एकाच वेळी लक्ष दिले. दुसऱ्या गटात हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आघात सुमारे निम्म्यावर आले. २१ वर्षांनी पाहिले तर या गटाला आयुष्याची जवळजवळ आठ वर्षे जास्त लाभली होती. २०१६ सालच्या आणखी एका अभ्यासात, ज्यांचा जनुकीय धोका सर्वांत जास्त होता, त्यांच्यांतही चांगल्या राहणीच्या लोकांना हृदयविकार ४६ टक्क्यांनी कमी झाला. यात नवलाचे औषध एकही नाही. नियमित गोळ्या, वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतील प्रथिनांची आणि पायांची तपासणी, रक्तदाबाची नोंद, रोजचे चालणे आणि तंबाखू सोडणे. निपाणी आपल्यापासून लांब नाही आणि तंबाखूची पुडी त्याहून जवळ. पण मधुमेह्याच्या रोहिणीला तंबाखू म्हणजे जळत्या गंजीवर वारा.

जनुकांची तपासणी करून घ्यावी काय, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. आमचे उत्तर असे की, सामान्य मधुमेह्याला त्याची गरज नाही. असे बहुतेक हिशेब युरोपातील लोकांवरून बसवलेले असल्याने ते आपल्याला तितकेसे चपखल लागूही पडत नाहीत. बिनपैशाची जनुक-तपासणी घरातच आहे. आईबापांपैकी कोणाला मधुमेह आहे का? बापाला किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला का? एवढे कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावे. आणि असे उत्तर असलेल्या घरातल्या मुलामुलींनी तिशीतच रक्त तपासून घ्यावे.

आता थोडे आमच्या क्षेत्राविषयी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. म्हणजे दर पाळीला, दर खात्यात हे लोक आहेत. आठवड्याआठवड्याला पाळी बदलली की जेवणाच्या आणि गोळीच्या वेळा मोडतात. तपासणीला जायचे तर दिवस बुडतो. कामगारांच्या उपचारांसाठी १९४८ साली राज्य विमा कायदा झाला. पण त्यातून हंगामी कारखाने वगळले गेले, आणि त्या व्याख्येत साखर आणि गूळ यांची नावे स्पष्ट लिहिलेली होती. अशा परिस्थितीत 'हे तर आनुवंशिक आहे' हे वाक्य ज्यांना जबाबदारी नको असते त्यांच्या फार सोयीचे ठरते. विम्याच्या व्यवहारातही तेच झाले. आनुवंशिक विकार म्हणून दावे नाकारले जात. २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने अशा सरसकट वगळणुकीला भेदभाव ठरवले, आणि मार्चमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना असे दावे या कारणाखाली नाकारू नका, अशी सूचना दिली. जन्माने मिळालेल्या गोष्टीबद्दल माणसाला दंड करू नये, हे तत्त्व आम्हा कामगारांना कोणी शिकवायला नको.

तेव्हा संघटनेच्या मागणीपत्रकात पगारवाढीच्या शेजारी आणखी काही कलमे बसली पाहिजेत, असे आम्हाला वाटते. वर्षातून एकदा पगारी वेळेत साखर, रक्तदाब, लघवी आणि पाय यांची तपासणी. मधुमेह्याला पाळी ठरवून देण्याची सवलत. पाय न घासणारे बूट. ऊसतोडीच्या टोळ्यांतील गरोदर बायांची नोंद आणि त्यांना आहार. यांतली एकही गोष्ट अशक्य नाही आणि एकीलाही शास्त्राच्या नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

ज्या मित्राच्या वाक्याने आरंभ केला, त्याचा मुलगा आज तिशीत आहे आणि बापाच्याच खात्यात काम करतो. गेल्या हंगामानंतर त्याला आम्ही रक्त तपासायला घेऊन गेलो. साखर सीमेवर निघाली. तो म्हणाला, "म्हणजे मलाबी झालाच म्हणायचा." आम्ही म्हटले, "झालेला नाही. तुझ्या आज्याला, बापाला आणि चुलत्याला जे वेळेवर कळले नाही, ते तुला कळले आहे." आता तो रोज सकाळी कालव्याच्या कडेने चालायला जातो, आणि निजण्यापूर्वी बापाचा उरलेला पाय दिव्याच्या उजेडात निरखून पाहतो.

आज येथून घरी गेल्यावर प्रत्येक श्रोत्याने आपल्या घरातल्या मधुमेह्याचे पाय तसेच एकदा पाहावेत. तेवढे झाले तरी आमच्या बोलण्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.